पिंग जातं, फाईल जात नाही

चवथीच्या आधीचा आठवडा. फोंड्याजवळच्या एका काजू कारखान्याच्या ऑफिसातून फोन आला की इंटरनेट मरगळलंय. कामगारांच्या बोनसची यादी बँकेच्या पोर्टलवर चढवायची होती आणि जेमतेम दोन एमबीची फाईल अर्ध्यावर जाऊन थांबत होती. हिशेब बघणाऱ्या बाईंनी तक्रार इतकी नेमकी सांगितली की मी ती वहीत उतरवून ठेवली: "साईट उघडते हो, पण काही पाठवायला गेलं की घशात घास अडकल्यासारखं होतं."

इंटरनेट पुरवणाऱ्यांचा माणूस आदल्या दिवशीच येऊन गेला होता. नवा डबा बसवला, एका बाजूने फायबर आत आणि दुसऱ्या बाजूने तांब्याची केबल बाहेर. लॅपटॉपवरून चार पिंग मारले, म्हणजे समोरच्या यंत्राला ‘आहेस का?’ विचारणारे चार छोटे संदेश पाठवले, चाराला चार उत्तरं आली. "आमच्या बाजूने सगळं ओके आहे, बाब," असं सांगून तो निघून गेला. तो खोटं बोलत नव्हता. मीही जाऊन पिंग मारलं, तेही गेलं. मग केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला, दोन चहा झाले आणि सकाळ फुकट गेली. त्या डब्यातून आलेली केबल आमच्या स्विचच्या, म्हणजे ऑफिसातली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या पेटीच्या, शेवटच्या पोर्टात (केबल खोचायच्या खाचेत) शिरत होती. त्या पोर्टाची अवस्था मी शेवटी बघितली, खरं तर ती सगळ्यात आधी बघायला हवी होती. पडद्यावर दोन शब्द होते: ए-हाफ आणि ए-१००. रोग तिथेच कळला.

हे दोन शब्द काय सांगतात ते समजलं तर लहान ऑफिसातल्या "नेट स्लो आहे" या तक्रारींपैकी एक जुनाट, चिवट प्रकार तुम्हाला स्वतः ओळखता येईल. १०० म्हणजे वेग, सेकंदाला १०० मेगाबिट. हाफ म्हणजे डुप्लेक्स. आणि पुढे लागलेला "ए" म्हणजे हे कोणी माणसाने ठरवलेलं नाही, पोर्टाने आपल्या आपण ठरवलंय.

वेग सगळ्यांना कळतो. डुप्लेक्सचं मात्र थोडं सांगावं लागतं.

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट आठवा. बोट धक्क्याला लागली की आधी आतल्या स्कूटर, गाड्या, माणसं उतरतात. ती सगळी उतरल्यावरच बाहेरची चढतात, कारण फळी एकच. कोणी घाईत स्कूटर आत घातलीच तर दोघांनाही मागे घ्यावं लागतं. हे हाफ डुप्लेक्स. आता मांडवीवरचा अटल सेतू बघा. पणजीकडे येणाऱ्याला पर्वरीकडे जाणाऱ्याची वाट बघावी लागत नाही, दोघांच्या वाटाच वेगळ्या. हे फुल डुप्लेक्स.

१९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची, म्हणजे यंत्रं केबलने एकमेकांना जोडायच्या पद्धतीची, सुरुवात केली, ती फेरीच्या फळीसारखीच होती. एकच जाड केबल, तिला सगळी यंत्रं लटकलेली. बोलायच्या आधी ऐकायचं. कोणी बोलत नसेल तर बोलायचं. तरीही दोघे एकदम बोलले आणि टक्कर झाली तर दोघांनी थांबायचं, आणि प्रत्येकाने वेगवेगळा, नशिबावर सोडलेला वेळ थांबून परत प्रयत्न करायचा. अशा टकरीला कोलिजन म्हणतात आणि हाफ डुप्लेक्समध्ये तो गुन्हा नाही, रोजचा व्यवहार आहे. नियम एवढाच की टक्कर व्हायची असेल तर ती फ्रेमच्या, म्हणजे एका खेपेला पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याच्या, पहिल्या ६४ बाइटच्या आत झाली पाहिजे. नेटवर्क नियमात बसणाऱ्या लांबीचं असेल तर तेवढ्या वेळात सगळ्यांना "कोणीतरी बोलतंय" हे कळलेलं असतं. त्यानंतर टक्कर झाली तर ती लेट कोलिजन. ती दिसली की समजायचं, कोणीतरी नियमच पाळत नाहीये.

पुढे स्विच आले, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र केबल मिळाली, पाठवायची तारांची जोडी वेगळी आणि घ्यायची वेगळी झाली. ऐकत बसायची गरज उरली नाही. फुल डुप्लेक्समध्ये टक्कर ही कल्पनाच नाही.

आता कारखान्यात काय झालं होतं ते. पुरवठादाराच्या डब्याला वाटत होतं आपण अटल सेतूवर आहोत. आमच्या स्विचला वाटत होतं आपण फेरीच्या धक्क्यावर आहोत. दोघांमध्ये केबल एकच. डबा मनाला येईल तेव्हा पाठवत होता, कारण त्याच्या दृष्टीने वाट रिकामीच होती. स्विच बिचारा ऐकून, सांभाळून पाठवायला सुरुवात करायचा, आणि अर्ध्या फ्रेमवर समोरून काहीतरी यायचं. स्विचच्या हिशेबी ही टक्कर. तो फ्रेम तिथेच तोडायचा. डब्याकडे तो तुटका तुकडा पोचायचा, तपासणीचा आकडा जुळायचा नाही, डबा तो फेकून द्यायचा आणि आपल्याकडे सीआरसी एररचा आकडा एकाने वाढवायचा. डब्याने त्याच क्षणी पाठवलेली फ्रेम स्विचनेही टाकून दिलेली असायची, पण डब्याला त्याचा पत्ताच नाही.

मग पिंग का जातं? हिशेब करून बघा. विंडोजचं साधं पिंग म्हणजे तारेवर ७८ बाइटची फ्रेम. १०० मेगाबिटच्या वेगाने ती सव्वासहा मायक्रोसेकंदात निघून जाते. नंतर उत्तर येतं. पुढचं पिंग जवळपास सेकंदाने. दोन बाजू एकाच वेळी बोलण्याचा प्रसंगच येत नाही. फाईल पाठवताना मात्र १५१८ बाइटच्या फ्रेमांची रांग लागते, एकेक फ्रेम तारेवर सुमारे १२१ मायक्रोसेकंद असते, आणि समोरून "मिळालं, मिळालं" अशा पोचपावत्या सतत येत असतात. त्या पावत्या नेमक्या आपल्या फ्रेमच्या पोटात शिरतात. पहिल्या ६४ बाइटचा काळ पाच मायक्रोसेकंदांच्या आसपासचा, उरलेल्या ११६ मध्ये पावती आली की लेट कोलिजन. पहिल्या ६४ बाइटच्या आतली टक्कर झाली तर पोर्टामागचं नेटवर्क कार्ड स्वतः लगेच परत पाठवतं. लेट कोलिजन झालेली फ्रेम बहुतेक यंत्रं सोडून देतात. ती हरवलीय हे वरच्या थराला, म्हणजे सगळं पोचलं का याचा हिशेब ठेवणाऱ्या टीसीपीला, कळेपर्यंत बराच वेळ जातो, आणि टीसीपीची समजूत होते की रस्त्यात गर्दी आहे. म्हणून तो आणखी हळू जायला लागतो. बाईंचा घशात अडकलेला घास म्हणजे हाच.

एकाच केबलच्या दोन टोकांची दोन मतं झाली कशी, हा खरा प्रश्न. त्यासाठी पोर्ट आपापसांत काय बोलतात ते जवळून बघावं लागेल.

जुनी १० मेगाबिटची कार्डं काही पाठवायचं नसतानाही दर १६ मिलिसेकंदांच्या आसपास तारेवर एक बारीक टिचकी मारत. मी आहे, केबल शाबूत आहे, एवढाच तिचा अर्थ. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचं मानक आलं, आयट्रिपलई ८०२.३यू. त्यात या टिचकीच्या जागी टिचक्यांची एक लडी घातली. लडीत १७ टिचक्या ठरलेल्या, १२५ मायक्रोसेकंदांच्या अंतराने. त्यांच्या मधोमध १६ जागा. चवथीच्या आरतीला झांजेचा ठेका चालू असतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये घुमट या वाद्यावर थाप पडते किंवा पडत नाही, तसंच इथे. थाप पडली तर १, नाही पडली तर ०. सगळी लडी दोन मिलिसेकंदांत संपते. या १६ बिटांच्या शब्दात पोर्ट सांगतो: मी इथरनेट आहे, मला १० हाफ येतं, १० फुल येतं, १०० हाफ येतं, १०० फुल येतं, मध्ये थांब म्हटलं तर थांबता येतं. जुन्या कार्डाला यातलं काही समजत नाही, त्याला ती नेहमीची टिचकीच वाटते. म्हणजे जुन्याचं काही बिघडलं नाही आणि नव्यांना बोलायला जागा मिळाली. मला ही युक्ती फार आवडते.

तोच शब्द लागोपाठ तीनदा आला की पोर्ट "मिळालं" या अर्थाचा बिट लावून आपला शब्द परत पाठवतो. दोघांनी एकमेकांच्या याद्या वाचल्या की बोलणं संपलं. याला ऑटो-नेगोशिएशन म्हणतात. त्यातल्या नेगोशिएशन या शब्दाने फसू नका, हा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार नाही. इथे घासाघीस होत नाही. दोघांच्या खिशात एकच छापील क्रमवारी असते: गिगाबिटपर्यंतच्या यंत्रांत १००० फुल सगळ्यात वर, खाली उतरत १०० फुल, १०० हाफ, १० फुल, १० हाफ. दोन्ही याद्यांत असलेलं सगळ्यात वरचं नाव दोघेही स्वतंत्रपणे शोधतात आणि उत्तर एकच येतं. निकाल काय लागला हे एकमेकांना कळवायचीही गरज नसते.

पण त्यासाठी दोघांनीही यादी द्यायला हवी ना?

एखाद्या पोर्टावर तुम्ही वेग १०० आणि डुप्लेक्स फुल असं हाताने फिक्स केलंत की बहुतेक यंत्रांवर तो पोर्ट लडी पाठवणंच बंद करतो. तो थेट १०० चा सिग्नल सुरू करतो. समोरचा पोर्ट ऑटोवर असेल तर तो यादीची वाट बघतो, यादी येत नाही, पण तारेवर सिग्नल तर आहे. १० मेगाबिटचा आणि १०० मेगाबिटचा सिग्नल दिसायलाच वेगळा, त्यामुळे वेग तो ओळखतो. डुप्लेक्सची मात्र सिग्नलवर कसलीही खूण नसते. समोरचा ऐकून बोलणारा आहे की न ऐकता बोलणारा, हे आवाजावरून कसं कळणार? मग मानक सांगतं: कळत नसेल तर हाफ धरा. १९९५ साली हे शहाणपणाचंच होतं. तेव्हा यादी न पाठवणारा शेजारी बहुधा हब, म्हणजे सगळ्यांना एकाच सामाईक तारेवर असल्यासारखं जोडणारा जुना डबा, असायचा, आणि हब हाफच असतो. या ओळखण्याला पॅरलल डिटेक्शन म्हणतात.

म्हणजे एका बाजूला "१०० फुल" असं ठणकावून लिहिलंत आणि दुसरी बाजू ऑटोवर ठेवलीत, तर दुसरी बाजू नियमाने वागूनच १०० हाफवर जाते. यात कोणतंही यंत्र बिघडलेलं नाही. दिवा हिरवा, लिंक चालू, पिंग ओके. गंमत अशी की हाताने १०० हाफ लिहिलं असतं तर जुळलं असतं.

पुरवठादाराला मी फोन केला. तिकडचा पोर्ट खरोखर १०० फुलवर फिक्स होता. "आमच्याकडे सगळीकडे असंच ठेवतात, ऑटोवर भरवसा नाही," असं उत्तर आलं. हा समज आमच्या धंद्यात पिढीजात आहे आणि तो हवेतून आलेला नाही. १९९५ च्या मानकात काही जागा संदिग्ध होत्या, वेगवेगळ्या कंपन्यांनी त्यांचे वेगवेगळे अर्थ लावले, आणि त्या काळची कार्डं आणि स्विच खरोखरच एकमेकांशी नीट बोलत नसत. तेव्हाच्या लोकांनी दोन्ही टोकं फिक्स करायला सुरुवात केली आणि त्यांचं बरोबर होतं. १९९८ च्या आवृत्तीत त्या जागा दुरुस्त झाल्या. उस्तादाने शागिर्दाला दिलेला सल्ला मात्र अजून चालू आहे, आणि दिला जाताना त्यातला "दोन्ही टोकं" हा भाग गळून पडलाय.

तर आपल्या यंत्रावर काय चाललंय हे बघायचं कसं?

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये आपल्या इथरनेट कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्पीड अँड डुप्लेक्स अशी ओळ सापडेल. तिथे ऑटो नेगोशिएशन असायला हवं. दुसरं काही असेल तर कोणी आणि कधी केलं ते विचारा. बहुतेक वेळा कोणालाच आठवत नाही.

लिनक्सवर ईथटूल ही कमांड आणि पुढे इंटरफेसचं नाव. हे उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्यात दोन्ही याद्या दिसतात: आपण काय जाहीर केलं आणि समोरच्याने काय जाहीर केलं. समोरच्याच्या यादीत काहीच नसेल, किंवा एकटं १०० हाफ दिसत असेल, आणि समोरच्याच्या ऑटो-नेगोशिएशनपुढे "नो" असेल, तर समोरचा गप्प बसलाय. तिथून कोणाला फोन करायचा ते ठरतं. वेग आणि डुप्लेक्स पुन्हा ऑटोवर आणायचं तर ईथटूललाच उणे-एस, इंटरफेसचं नाव आणि ऑटोनेग ऑन असं सांगायचं. हे रीबूट झाल्यावर पुसलं जातं, तेव्हा कायमचं हवं असेल तर नेटवर्कच्या सेटिंगच्या फाइलीत लिहा.

सिस्कोच्या स्विचवर शो इंटरफेसेस स्टेटस. आकड्याआधी "ए" असेल तर ते ऑटोने ठरलेलं, नुसतंच फुल आणि १०० दिसत असेल तर कोणीतरी फिक्स केलेलं. ए-हाफ दिसलं की मी तरी आजकाल आधी संशयच घेतो. आज हाफ डुप्लेक्सच फक्त येणारं यंत्र शोधायला गेलात तर एखाद्या जुन्या वजनकाट्याच्या किंवा छपाई मशीनच्या पाठीमागेच सापडेल. त्याच पोर्टाचे आकडेही उघडून बघा. हाफ झालेल्या टोकाला लेट कोलिजन वाढत असतात, फुल असलेल्या टोकाला सीआरसी एरर आणि रंट, म्हणजे ६४ बाइटपेक्षा आखूड तुटके तुकडे. दोन्ही टोकं तुमच्या हातात असतील तर ही जोडी बघितल्यावर आणखी पुराव्याची गरज नाही. एकच टोक हातात असेल तर आकडे शून्य करा, एक मोठी फाईल पाठवा, परत बघा. नुसता सीआरसी वाढत असेल आणि समोर लेट कोलिजन नसेल तर मात्र केबलकडे वळा, तो रोग वेगळा.

बाजारात मिळणारे साधे, सेटिंग नसलेले स्विच नेहमी ऑटोवरच असतात. तुमच्या ऑफिसातले बहुतेक स्विच तेच. त्यामुळे त्यांना जोडलेलं काहीही, सर्व्हर असो, प्रिंटर असो की सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, कधीही १०० फुलवर फिक्स करू नका. समोरच्या टोकाला तुम्ही काही लिहूच शकत नाही, तेव्हा तुमचं फिक्स म्हणजे त्याचं हाफ.

आणि खरोखरच एखादा वेग नको असेल तर? तो फिक्स करायची गरज नाही, यादीतून काढता येतो. ऑटो चालूच ठेवायचं, पण जाहीर फक्त १०० फुल करायचं. समोरच्याला यादी मिळते, तोही फुलवर येतो. ईथटूलमध्ये ऑटोनेग ऑनच्या जोडीला स्पीड १०० आणि डुप्लेक्स फुल दिलं की हेच होतं. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर स्पीड ऑटो १० १०० असं लिहिता येतं. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये ऑटो-नेगोशिएशनचा खुणेचा चौकोन तसाच ठेवून अ‍ॅडव्हर्टाइजखालचे नको ते वेग काढायचे. ही सोय जवळपास सगळीकडे असते आणि फार थोडे लोक ती वापरतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, तर दुसरा मार्गच नाही. तांब्यावरचं गिगाबिट १९९९ च्या मानकातलं. त्यात चारही जोड्यांवर दोन्ही बाजू एकदम बोलतात, स्वतःचाच प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचा आवाज ऐकतात. त्यासाठी एकाने ताल धरायचा आणि दुसऱ्याने त्यावर चालायचं असतं, आणि ताल कोणी धरायचा हे ठरतं याच याद्यांमधून. म्हणून गिगाबिटसाठी ऑटो-नेगोशिएशन सक्तीचं आहे. विंडोजच्या यादीत १ गिगाबिट फुल डुप्लेक्स असा पर्याय दिसतो तो बहुतेक ड्रायव्हरमध्ये खरा फिक्स नसतोच, आतून तो एकच ओळ असलेली यादी पाठवतो.

इथेच एक गोव्याचा पेच येतो, म्हणजे किनाऱ्यावरच्या सगळ्यांचाच. केबलमध्ये चार जोड्या. नारिंगी आणि हिरवी जोडी १, २, ३ आणि ६ या पिनांवर, १० आणि १०० मेगाबिटला एवढ्या पुरतात. निळी आणि तपकिरी जोडी फक्त गिगाबिटला लागते. आणि याद्यांची देवाणघेवाण होते ती नारिंगी आणि हिरव्या जोडीवरच. म्हणजे बोलणी दोन जोड्यांवर आणि वचन चार जोड्यांचं.

पावसाळ्यात कळंगुट-कांदोळी पट्ट्यातलं एखादं प्लग काढून उजेडात धरा. खारी, दमट हवा लागून कडेच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो, नखाने खरवडला की पूड पडते. तपकिरी जोडी ७ आणि ८ वर, अगदी कडेला. ती गेली तरी दोन्ही पोर्ट एकमेकांना आनंदाने सांगतात की मला गिगाबिट येतं, ठरवतात गिगाबिट, आणि लिंक काही उभी राहत नाही. दिवा लागतो, विझतो, लागतो. काही यंत्रं दोन-चार वेळा हरल्यावर स्वतः १०० वर उतरतात, काही रात्रभर तेच करत बसतात. लोक म्हणतात ऑटोने घोळ घातला, १०० वर फिक्स करा. फिक्स केल्यावर चालतं, कारण १०० ला ती जोडी लागतच नाही. रोग तिथेच राहतो आणि वर डुप्लेक्सचा नवा धोका येतो. प्लग कापून नवा लावायला पाच मिनिटं लागतात. जुन्या ऑफिसांत तर निळी-तपकिरी जोडी वेगळी काढून त्यावर टेलिफोन किंवा दुसरा कॉम्प्युटर चालवलेला असतो. तिथे नवी केबल ओढता येत नसेल तर गिगाबिट यादीतून काढा, बस.

सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या पोर्टावर १०० दिसलं म्हणून घाबरू नका, बहुतेक कॅमेऱ्यांचा पोर्टच १०० चा असतो. फायबरच्या गिगाबिटवर टिचक्यांची लडी नसते, तिथली बोलणी वेगळ्या पद्धतीने होते आणि वेगाबद्दल नसते. एका टोकाला ती बंद आणि दुसऱ्याला चालू असेल तर एका बाजूला लिंक चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद असं विचित्र चित्र दिसतं. फायबरबद्दल इतकं पुरे.

परत काजू कारखान्यात. पुरवठादार आपला पोर्ट ऑटोवर आणायला तयार नव्हता, निदान त्या दिवशी नाही, आणि बोनसची यादी त्या दिवशीच चढवायची होती. मी आमचा पोर्ट १०० फुलवर फिक्स केला. दोन्ही टोकं सारखी झाली. फाईल दोन सेकंदांत गेली. बाईंनी नेवऱ्या दिल्या. मी खूश होऊन घरी आलो.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, परतीच्या पावसाच्या गडगडाटात, कारखान्याच्या बाजूला वीज पडली आणि पुरवठादाराचा डबा जळाला. त्यांनी दुसऱ्या दिवशी नवा आणून बसवला, तोवर त्यांचंही धोरण बदललं असावं किंवा डबाच वेगळा असावा. लगेच फोन: साईट उघडते, पण पाठवायला गेलं की घास अडकतो. मी गाडी काढता काढताच म्हटलं, परत फिक्स करून ठेवला असणार यांनी. तिथे जाऊन स्विच उघडला. लेट कोलिजन एकही नाही. सीआरसी आणि रंट मात्र ढिगाने. माझ्या पोर्टापुढे लिहिलं होतं फुल आणि १००, आधी "ए" नाही.

या खेपेला गप्प बसलेला पोर्ट माझा होता. नवा डबा ऑटोवर होता, त्याने यादी पाठवली, माझ्याकडून उत्तर आलं नाही, आणि तो नियमाप्रमाणे हाफवर गेला. वहीत बघितलं तर मागच्या वर्षीच्या नोंदीत बाईंचं वाक्य शब्दशः होतं, पण पोर्ट फिक्स केल्याचं एका अक्षरानेही नव्हतं.

स्पीड ऑटो, डुप्लेक्स ऑटो, सेव्ह. ए-फुल, ए-१०००. पोर्टाच्या वर्णनाच्या ओळीत तारीख घातली आणि "ऑटो, बदलल्यास दोन्ही टोकं" असं लिहिलं. बाईंनी विचारलं, नक्की काय झालं होतं? वीज, म्हणालो. त्या खेपेचं बिल लावलं नाही.